जोयड्याच्या दोन वाटा

बेळगावहून रेल्वेने गोव्याला गेलेल्या प्रत्येकीने कॅसलरॉक पाहिलेलं असतं, फक्त तिच्या ते लक्षात नसतं. लोंढा मागे पडलं की झाडी दाट होत जाते, गाडी सावकाश चालते आणि दूधसागर कुठल्या बाजूच्या खिडकीतून दिसणार यावर डब्यात वाद सुरू होतो. त्या गडबडीत हे लहानसं स्टेशन येऊन जातं. पण एके काळी इथे दोन राज्यांची हद्द होती. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यातून मुरगाव बंदरापासून घाटावर चढणारी रेल्वे बांधायचं ठरलं आणि १८८८ मध्ये ती सुरू झाली. घाटाखाली कुळ्याला पोर्तुगिजांचं जकात नाकं, घाटावर कॅसलरॉकला इंग्रजांचं. दोन्हीकडे उतरायचं, ट्रंका उघडून दाखवायच्या, मग पुढे लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे आणि मुंबई.

हे कॅसलरॉक जोयडा तालुक्यात येतं. जुनं नाव सुपा. सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात बुडालं, तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि उठवलेल्या लोकांची वस्ती रामनगरला झाली. १८६२ ते १९५६ हा सगळा कारवार जिल्हा मुंबईच्या कारभारात होता, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या एकाच वाक्यात मराठी, कोकणी आणि कन्नड सुखाने नांदतात. तालुका विस्ताराने मोठा, वस्ती विरळ, बाकी सगळं रान.

गेल्या हिवाळ्यात या रानाच्या काठी मी एक मैफल ऐकली. लोकसंगीत आणि जाझ एकत्र वाजवणारा बँड होता. तिथून आल्यावर घरी आणि मंडळात मला एकच प्रश्न विचारला गेला : ‘जंगलात जाझ? हे कसलं खूळ?’ मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण बी.ए.ला इतिहास घेतलेल्या बाईला एक खोड लागते. एखादी गोष्ट विजोड दिसली की ती आधी कुठून आली ते बघावंसं वाटतं. बघता बघता लक्षात आलं, की या तालुक्यातून संगीताच्या दोन वाटा फार पूर्वीच गेल्या आहेत. एक रुळांवरून, दुसरी पायी. दोन्ही गोव्याकडूनच आल्या आणि दोन्हींच्या मागे कुठेतरी आफ्रिकेतून पकडून नेलेली माणसं आहेत.

आधी रुळांची वाट.

गोव्यातल्या ख्रिस्ती मुलांना चर्चजवळच्या शाळेत अक्षरओळखीबरोबर सुरांची लिपी शिकवत. पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्य संगीत आठ-दहा वर्षांचं पोर वाचू लागे, व्हायोलिन धरू लागे. हेतू साधा होता, चर्चमध्ये प्रार्थनेला गाणारे आणि वाजवणारे हवेत. पण विद्या एकदा हातात आली की ती शिकवणाऱ्याने आखलेल्या कुंपणात राहत नाही. गोव्यात पोट भरेना तेव्हा हीच मुलं मुंबईला निघाली. जायला दोन मार्ग : बोट, नाही तर ही कॅसलरॉकची रेल्वे. मुंबईत धोबीतलावाजवळ गावागावांच्या ‘कूड’ नावाच्या खोल्या होत्या, तिथे अगदी थोड्या भाड्यात पथारी टाकता यायची. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला शिकायला गेलेली मुलं जैन बोर्डिंगात राहत, तशातलीच सोय म्हणा. इंग्रजांच्या फलटणींचे बँड, मूकपटांच्या थिएटरातला वाद्यवृंद, संस्थानिकांचे बँड, हॉटेलं, नोटेशन वाचणारा माणूस सगळ्यांनाच हवा होता.

१९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे आणखी आले. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने प्रवेश नव्हता ते इथे ताजमध्ये वाजवत होते. (त्या काळात तिथे नाचायला येणारी मंडळी कोण होती हे सांगायला नको. आपल्या आज्यांपैकी नक्कीच कुणी नव्हती.) या बँडांतून जागा रिकामी झाली की गोव्याचा वादक भरती व्हायचा. लिहिलेलं वाचून वाजवणं त्याला येतच होतं. न लिहिलेलं कसं वाजवायचं, एकाने सूर टाकला की दुसऱ्याने त्याला उत्तर कसं द्यायचं, ठेक्याच्या जरा मागे रेंगाळून गंमत कशी आणायची, हे तो या लोकांकडून शिकला.

त्यातलाच एक आल्दोनचा आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत आणि ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ असंही म्हणत. ट्रम्पेट वाजवायचा. रात्री हॉटेलात स्वतःचा बँड चालवायचा आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जायचा. तिथे त्याची गाठ पडली ती आपल्या माणसाशी, रामचंद्र नरहर चितळकर यांच्याशी. सी. रामचंद्र नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. कानात तमाशाची ढोलकी, गावच्या जत्रेतले ठेके, बुवांची तालीम. चिक त्यांचा सहायक झाला. १९५१च्या ‘अलबेला’ची गाणी माझ्या आईच्या पिढीला पाठ होती. भगवानदादांचं ते जरा लचकत, जरा थांबत नाचणं आजही गणपतीच्या मिरवणुकीत दिसतं. त्या गाण्यांत जे ट्रम्पेट आणि बोंगो वाजतात, त्यांतलं वारं ताजच्या नाचघरातून आलेलं आहे आणि चाल मात्र आपल्या मातीतली. चिक आणि त्याचे वादक त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. तेव्हा लोकसंगीत आणि जाझ एकत्र आणणं हे आजच्या पोरांनी काढलेलं खूळ नव्हे. आपण सगळ्या त्याच्यावर वाढलो, फक्त कुणी आपल्याला त्याचं नाव सांगितलं नाही.

स्टुडिओतलं काम कसं चाले तेही सांगते. संगीतकार पेटीवर चाल बसवायचा. मग अरेंजर ती ऐकून कागदावर उतरवायचा, व्हायोलिनवाल्यांना हे, ट्रम्पेटला हे, इथे दोन मात्रा सगळ्यांनी गप्प. पन्नास-साठ वादकांना ज्याची त्याची चिठ्ठी. गाण्याच्या कडव्यांमधलं जे संगीत आपण गाण्याइतकंच गुणगुणतो, ते पुष्कळदा त्याच्याच डोक्यातून निघालेलं असे. पडद्यावर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. फ्रँक फर्नांड, सॅबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहेत? गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात शंभराहून अधिक वादक बसवून रागांवर रचलेलं वाद्यवृंदाचं संगीत ऐकवलं होतं, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. इतकं मोठं काम करून शेवटी त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते एका विनोदी गाण्यातून. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये अमिताभच्या पात्राला गुरूचं नाव दिलं म्हणून. शिष्याने आठवण ठेवली हे खरं, पण ऐकणाऱ्यांना वाटलं ते नाव गमतीचं आहे.

कॅसलरॉकची वाट १९५५ मध्ये बंद पडली. गोव्याच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, भारताने नाकेबंदी केली, गोवा १९६१ साली मोकळा होईपर्यंत रेल्वे हद्दीवर थांबली.

आता पायी आलेली वाट. ही जास्त जुनी आहे आणि हिच्यावर जकात नाकं नव्हतं. पकडले गेले तर चाबूक होता.

‘सिद्दी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जंजिरा उभा राहतो, नाही तर पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर. इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला एवढेच सिद्दी भेटले. मलिक अंबर निजामशाहीचा मोठा वजीर होता, त्याने खडकी वसवली, हे मास्तर सांगत. तो हबशी मुलगा लहानपणी बाजारात विकला गेला होता, हे मात्र घाईत उरकत. पण जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांतले सिद्दी किल्लेदारही नाहीत आणि वजीरही नाहीत. पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मुख्यतः मोझांबिककडून, जी माणसं गोव्यात आणून विकली, त्यांच्यातली बरीच घाट चढून या रानात पळून आली. आजचे इथले सिद्दी त्यांचे वंशज आहेत. पोर्तुगालने गुलामांच्या व्यापाराला १८३६ मध्ये बंदी घातली, गुलामगिरी कायद्याने संपायला १८६९ उजाडलं. त्याआधीची तीनशे वर्षं मोजा.

फ्रान्सचा पिरार द लावाल नावाचा प्रवासी १६०८ ते १६१० गोव्यात होता. जुन्या गोव्याच्या सरळ रस्त्यावर, ‘रुआ दिरेइता’वर, माणसांचा बाजार भरे, त्याचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. तिथे ठिकठिकाणच्या बायका आणि मुली विकायला असत. त्याने लिहिलंय, की त्यांतल्या बहुतेकींना वाद्य वाजवता येई, बारीक शिवण आणि भरतकाम येई, मिठाई आणि मुरांबे करता येत. हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. आमच्या वेळच्या स्थळांच्या चिठ्ठीत ‘मुलगी गृहकृत्यदक्ष, शिवण-टिपण, पेटी वाजवते’ असं लिहायचे. यादी तीच. तिथे ती भाव वाढवायला होती. इथे कशाला होती, यावर मी जास्त बोलत नाही.

पळून आलेल्यांनी काय बरोबर आणलं असेल? भांडी नाहीत, कपडे नाहीत, कागद तर नाहीच. जे अंगात होतं तेवढंच, आणि ठेका अंगात असतो. आज इथल्या सिद्द्यांमध्ये हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. भाषा म्हणाल तर कोकणी वळणाची, तिच्यात मराठी आणि कन्नड मिसळलेलं. आफ्रिकेतली भाषा गेली, देव बदलले, गावाचं नावही कुणाला सांगता येत नाही. उरला तो दमाम. लाकडी खोड पोखरून दोन्ही तोंडांना चामडं लावलेला लांबट ढोल. जमिनीवर आडवा ठेवून त्याच्यापाशी बसून वाजवतात आणि भोवती बाया-पुरुष नाचतात. गाण्यांत रोजचंच असतं, रान, जनावर, शेतावरचं काम. त्यांच्या बायका ‘पुगडी’ही घालतात. नावावरून ओळखलंत ना? आपली फुगडी. चारशे वर्षं शेजारी राहिल्यावर कुणी कुणाचं काय घेतलं याचा हिशेब लावायला जाऊ नये.

बाहेरच्यांना मात्र या माणसांची आठवण सोयीने होत आली. १९८७ मध्ये सरकारी क्रीडा खात्याला वाटलं, की आफ्रिकी वंशाची मुलं धावण्यात देशाला पदकं मिळवून देतील, म्हणून मुलं निवडून नेली, काही वर्षांनी योजना गुंडाळली. २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले, आमदार झालेले ते पहिले सिद्दी. याच २००३ साली हद्दीपलीकडे गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप यांनाही जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्याचे कुणबी त्याच गोव्याकडून आलेले, तेच कुळागर, तीच देवराई, पण रेघेच्या अलीकडे राहतात म्हणून यादीबाहेर. त्यांची मागणी चालूच आहे. जोयड्यात या कुणब्यांचा कंदमुळांचा मेळा भरतो, मांडीएवढाले कंद मांडलेले असतात, रंग आणि आकार बघत राहावेत असे. आम्हा जैनांना कंद वर्ज्य, त्यामुळे माझं कौतुक नजरेपुरतंच.

तर आता मैफल. पुतण्या बेंगळुरूला नोकरीला आहे, त्याच्या ओळखीतून पास आले. ‘काकू, तू चल, तुला आवडेल, आणि नाही आवडलं तर त्यावर लिहिशील,’ म्हणाला. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी निघालो. खानापूर, लोंढा, रामनगर करत जोयड्याच्या बाजूला एका विश्रामस्थळी पोचलो. झाडांखाली लहानसा मंच, समोर दोनेकशे खुर्च्या. आमचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकलेलं, त्यामुळे बाकीचे हातात प्लेटा घेऊन रांगेत उभे असताना आम्ही दोघी थेट पहिल्या ओळीत. चौविहाराचे असेही फायदे असतात.

सुरुवातीला सिद्दी बायकांचं आणि दोन पुरुषांचं पथक आलं. आयोजकांपैकी एकाने माइकवर ‘स्वागत नृत्य’ असं सांगितलं. पंधरा मिनिटं. त्यांना पानांचे झगे घालून आणलं होतं. हे त्यांचं रोजचं लेणं नव्हे. सकाळी गेल्या असत्या तर त्या तुमच्या-माझ्यासारख्या साडीत दिसल्या असत्या. नाच सुरू झाल्यावर मात्र पानं दिसेनाशी झाली. एक वयस्क बाई ओळ टाकत होती, बाकीच्या झेलत होत्या, आणि दमाम त्या दोघांच्या मधली जागा भरत होता. जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘अगं, हे तर मंगळागौरीसारखं!’ चुकीचं नव्हतं ते.

मग बँड. सॅक्सोफोन, गिटार, उभा डबल बास, ड्रम्स आणि एक कन्नड गायक. त्याने शिशुनाळ शरीफसाहेबांची तत्त्वपदं घेतली. शरीफसाहेब एकोणिसाव्या शतकातले, हावेरीकडचे, मुसलमान घरात जन्मून गोविंदभट्टांचे शिष्य झालेले. आमच्या भागात शेतमजूरसुद्धा त्यांची पदं गातो. गायक एक ओळ म्हणायचा आणि सॅक्सोफोनवाला त्या ओळीला जणू हुंकार द्यायचा, मग हळूहळू तीच ओळ उलगडून भलत्याच गल्लीत नेऊन आणायचा. सुरुवातीची दोन गाणी मला गोंगाटच वाटली, खोटं कशाला सांगू. तिसऱ्याला मात्र सॅक्सोफोनवाल्याने नुसता श्वासाचा आवाज काढला, सूर नाहीच, आणि डबल बासने एकच स्वर धरून ठेवला. मागे रानात रातकिडे. गायकाने पद अर्धवट सोडलं. पुढची ओळ माझ्या शेजारची अनोळखी बाई स्वतःशीच म्हणाली आणि तिचे डोळे भरले होते. पदं तिची होती. वाद्य परकं होतं, पण त्याने तिचं पद तिच्याकडून काढून घेतलं नव्हतं.

शेवटच्या गाण्याला सिद्दी पथकाला पुन्हा वर बोलावलं. बँडमधल्या एका तरुणाने भारावून सांगितलं, की जाझ आफ्रिकेतून आलं, दमामही आफ्रिकेतून आला, आज दोन हरवलेल्या बहिणी भेटत आहेत. टाळ्या पडल्या. इथे मात्र माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी खुर्चीत चुळबुळली. अमेरिकेत नेलेली माणसं बहुतेक आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागातली. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये एकोणिसाव्या शतकात दर रविवारी गुलामांना जमून नाचा-वाजवायला मुभा होती, पुढे तिथल्याच शहरात जाझ जन्मलं. गोव्यात आणलेली माणसं दुसऱ्या किनाऱ्यावरची, अध्ये सबंध खंड. त्यांना बहिणी म्हणणं म्हणजे आसामातली बाई आणि आपण, दोघी साडी नेसतो म्हणून एका आईच्या ठरवण्यासारखं आहे. सारखेपण असेल तर ते दुःखाचं आहे. दोघांनाही उचलून आणलं, दोघांचीही भाषा गेली, दोघांनीही हाताला लागेल त्यावर ठेका धरला. आणि एक सारखेपण आणखी आहे. जाझची पहिली तबकडी १९१७ मध्ये निघाली, ती गोऱ्या वादकांच्या बँडची होती.

प्रत्यक्ष वाजवायला लागल्यावर भाषणाची गरजच उरली नाही. ड्रम्सवाला आधी जोरात होता. दमामवाल्या पुरुषाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ठेका किंचित मागे घेतला, अगदी नखभर. ड्रम्सवाला गोंधळला, हसला, काठ्या खाली ठेवून हातांनी वाजवू लागला. सॅक्सोफोनने त्या वयस्क बाईची ओळ उचलायचा प्रयत्न केला. तिने लगेच ती बदलली. त्याने पुन्हा उचलली, तिने पुन्हा बदलली. पहिल्या ओळीतून मला तिचा चेहरा नीट दिसत होता, ती त्याची परीक्षा घेत होती. ‘अलबेला’च्या काळात चिक आणि अण्णा चितळकर यांच्यात तालमीला असंच काही होत असेल का, असं मनात आलं.

मैफल संपल्यावर खुर्चीवर ठेवलेलं छापील पत्रक मी दिव्याखाली वाचलं. बँडच्या पाचही जणांची नावं, कोण कुठे शिकला, कुठल्या देशांत वाजवून आला. ध्वनिव्यवस्था करणाऱ्याचं नाव. खाली एक ओळ : ‘स्थानिक सिद्दी कलापथक’. बस.

मी मागच्या बाजूला गेले. पानं काढून साड्या नेसून त्या चहा पीत होत्या. माझ्या बेळगावी मराठीत आणि त्यांच्या कोकणीत छान जमलं. नावं विचारली, त्यांनी सांगितली, मी वहीत लिहून घेतली. पुस्तकात छापू का म्हणून विचारलं, तर ती ओळ बदलणारी वयस्क बाई म्हणाली, ‘आमचीं नांवां तुमच्या पुस्तकांत नाका. तांच्या कागदार घाला म्हण तांकां सांग.’ म्हणून इथे नावं दिलेली नाहीत. आयोजकांना मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ‘पुढच्या वेळी नक्की मॅडम’ असं उत्तर आलं.

हे जमतं कसं, याचं उदाहरण कर्नाटकातच आहे. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये बेंगळुरूला कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन काढलं. अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो त्यांच्याबरोबर वाजवू लागला आणि १९८३ मध्ये ‘ज्योती’ नावाची तबकडी निघाली. तिच्यावर मारियानोच्या नावाशेजारी कॉलेजचंही नाव आहे. तिथे गाणाऱ्या आर. ए. रमामणी नुसत्या साथीला नाहीत, रचनाही त्यांच्या आहेत. त्याआधी १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी मुंबईत ‘जाझ यात्रा’ सुरू केली, धोबीतलावच्या रंगभवनात, म्हणजे गोवेकरांच्या कुडांपासून हाकेच्या अंतरावर. सॉनी रॉलिन्ससारखा माणूस तिथे वाजवून गेला. आणि बायकांच्या गाण्याचं म्हणाल, तर गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओवी कुणाची, बाई कुठल्या गावची, हे त्यात नोंदवलेलं आहे. माझ्या आजीच्या ओव्या कुणी नोंदवल्या नाहीत, पण कुणाच्या तरी आजीच्या नोंदवल्या गेल्या.

पुढे मला घरातच एक काम लागलं. आमच्या बस्तीच्या रथोत्सवाची पत्रिका दरवर्षी छापतात. देणगीदारांच्या नावांना चार पानं, सवाल बोलणाऱ्यांची नावं जाड ठशात, आणि मिरवणुकीबद्दल एक ओळ : ‘सोबत सुश्राव्य ब्रास बँड’. तो बँड माझ्या लग्नाच्या आधीपासून रथापुढे वाजवतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि आता म्हातारे झालेले ढोलवाले. भक्तिगीत संपलं की हमखास ‘अलबेला’तली एक चाल वाजवतात, रथावर बसलेल्यांच्या पायांनाही ताल लागतो. या वर्षी त्या अकरा माणसांची नावं पत्रिकेत घालावीत असं मी कमिटीला सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, जागा पुरणार नाही. खजिनदार म्हणाले, मग तंबूवाल्यांचीही घालायची का? आमचे हे म्हणाले, घालू या की. बैठक पुढच्या रविवारी आहे. यादी मी टाइप करून ठेवली आहे.